मीटरच्या आतली बाजू

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मला 'चार' म्हणता येत नाही, असं तीन जणांच्या एका समितीने लेखी ठरवलं. कागदावर तीन सह्या आहेत, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. एक ते दहा आकडे मी बालवाडीत शिकलो आणि त्यानंतर आजतागायत माझ्या चारबद्दल कोणी ब्र काढला नव्हता. पण समितीपुढे बालवाडीचं काही चालत नाही.

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात मी हेडक्लार्क आहे. पाणी आलं नाही की लोक आमच्या नंबरला फोन करतात आणि एक भारदस्त, तरीही नम्र असा पुरुषी आवाज त्यांना सांगतो, "नमस्कार. पाणीपुरवठा विभागात आपलं स्वागत आहे. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. पाणी येत नसल्यास एक दाबा. कमी येत असल्यास दोन दाबा. गढूळ येत असल्यास तीन दाबा. कृपया थांबा." हा आवाज माझा आहे. विशेषणंही माझीच आहेत, पण खोटी नाहीत. मी सव्वीस वर्षांचा असताना तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पंखा बंद केला, दार लावलं आणि हातात कागद देऊन म्हणाले, "वाच." मी एका दमात वाचलं. दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही.

त्याला तेवीस वर्षं झाली. मधल्या काळात केस गेले, पोट आलं, बढती एकदा आली आणि तिथेच बसकण मारून राहिली. आवाज मात्र सव्वीस वर्षांचाच राहिला, दिवसाचे चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पन्नाशी जवळ आली की म्हणे माणसाला काहीतरी होतं. कोणी मोटरसायकल घेतं, कोणी केस काळे करतं, कोणी सकाळी पळायला जातं आणि गुडघा धरून परत येतं. माझ्या बरोबरीच्या लोकांचे हे चाळे मी शांतपणे बघत होतो. मला त्याची गरज नव्हती, कारण माझं तारुण्य खात्याच्या कपाटात नीट कुलपात होतं.

पुढचं समजायला आमच्या कामाच्या दोन पद्धती माहीत हव्यात, त्या इथेच सांगून टाकतो. पहिली अशी की मीटरपर्यंतची पाइपलाइन खात्याची आणि मीटरच्या आतली बाजू ग्राहकाची. तुमच्या घरात नळ गळत असेल तर तो तुमचा प्रश्न. दुसरी अशी की तक्रार करणाऱ्याने पंधरा दिवसांत पुन्हा फोन केला नाही, तर त्याची तक्रार निकाली निघाली असं आम्ही समजतो. तसं वहीत लिहितो आणि खाली सही करतो. आमच्या विभागात निकाली तक्रारींचं प्रमाण उत्तम आहे.

आमच्या स्वयंपाकघरातला नळही सहा वर्षांपासून गळतो. बायकोने तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी तिला वरचा पहिला नियम समजावून सांगितला. हसतच सांगितला, पण सांगितला. तिला तो पटला असावा, कारण तिने नळाखाली पातेलं ठेवलं आणि विषय संपला.

तर खात्याने नवीन मीटर बसवले आणि मीटरच्या तक्रारींसाठी टेलिफोनवर चौथा आकडा हवा, असं ठरलं. साहेबांनी मला बोलावलं. हे साहेब माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत आणि मला अहोजाहो करतात, ते मला जास्त लागतं.

"आपल्या फोनवर जो आवाज आहे ना," साहेब म्हणाले, "तो कोणाचा आहे, काही कल्पना आहे? एकच वाक्य वाढवायचंय. तो माणूस अजून आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

"कुठे असतो?"

"आपल्यासमोर उभा आहे."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बसा म्हणाले नाहीत, पण हसलेही नाहीत, एवढं त्यांच्याबद्दल चांगलं बोलता येईल. "नाही हो," ते म्हणाले, "तो कोणी तरुण मुलगा आहे." मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाले, "म्हणजे तुम्ही म्हणताय तर असेल. उद्या रेकॉर्डिंगवाली येतेय. होऊन जाऊ दे."

रेकॉर्डिंगवाली म्हणजे टेलिफोनचं नवं मशीन बसवणाऱ्या कंपनीची बाई. तिशीची असेल, कामाला चोख, पायात कापडी बूट. तिने माझ्या तोंडासमोर माइक धरला आणि मी म्हणालो, "मीटरविषयी तक्रार असल्यास चार दाबा." तिने ऐकलं, कानावरचे हेडफोन एका बाजूला सरकवले आणि म्हणाली, "काका, जरा तरुण म्हणा ना."

मी पुन्हा म्हणालो. तिने जुनं रेकॉर्डिंग लावलं, त्याला माझं नवं वाक्य जोडलं आणि मला ऐकवलं. एक उमदा मुलगा आदबीने एक, दोन, तीन सांगत होता आणि तिसऱ्यानंतर त्याला ढकलून माझे वडील पुढे आले आणि त्यांनी चार दाबायला सांगितलं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. मी सतरा वेळा ते वाक्य म्हणालो आणि सतराही वेळा वडीलच आले.

"घसा बसलाय," मी म्हणालो. "हवा बदललीय ना."

"मग पूर्ण रेकॉर्डिंगच मशीनच्या आवाजात करू या का?" तिने विचारलं. "आता सगळीकडे तसंच करतात. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांत माझी तेवीस वर्षं पुसायला निघालेली ती बाई माझ्याकडे निरागसपणे बघत होती. मी साहेबांकडे गेलो आणि घसा सुटायला पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. एवढ्या कळकळीने मी बढतीसुद्धा मागितली नव्हती.

घसा बसल्याची बातमी बिल्डिंगमध्ये माझ्या आधी पोचली. खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी मला जिन्यात गाठून मीठपाण्याच्या गुळण्या सांगितल्या, दिवसातून आठ वेळा आणि मान मागे टाकून. समोरचे विमेवाले म्हणाले की गुळण्यांनी घसा सोलवटून निघतो, मध चाटा. मी दोन्ही केलं. मान मागे टाकून गुळण्या करताना मानेत काहीतरी कटकन वाजलं आणि पुढचे कित्येक दिवस मी डावीकडे बघायचं झालं तर पूर्ण वळत होतो. साहेबांची केबिन माझ्या डावीकडे आहे. त्यांना वाटलं मी त्यांना जास्तच मान द्यायला लागलोय.

त्या मानेवर शेकायला पिशवी देताना विमेवाले सहज म्हणाले, "ह्या वयात असं होतंच. तुमची पॉलिसी कधी संपते?" त्यांच्या मते घशाचा खरा उपाय मौन होता. तीन दिवस तोंडातून एक शब्द काढायचा नाही, मग आवाज आपोआप मोकळा होतो. एक मोठी गायिका तेच करते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

मी तीन दिवसांची रजा टाकली आणि मौन धरलं. घरच्यांची गैरसोय होईल म्हणून उशाशी पाटी आणि खडू ठेवला होता. पहिल्या दिवशी पाटीला हात लावावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मुलीने कॉलेजच्या सहलीला जाऊ का, असं विचारलं. या सहलीला मी महिनाभर नाही म्हणत होतो. मी पाटीकडे हात नेतोय तोवर तिने "थँक यू बाबा" म्हणून बॅग भरायला घेतली. तिसऱ्या दिवशी बायको दारात हेडमास्तरांच्या बायकोला सांगत होती की हल्ली ह्यांचा स्वभाव फार निवळलाय. ते तीन दिवस घरात टीव्ही आणि नळ असे दोघंच बोलत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घसा खाकरून जाहीर केलं, "माझं मौन आज संपलं."

"कधी होतं?" मुलीने विचारलं.

मौनानंतरचा आवाज मौनाआधीच्या आवाजापेक्षा जास्त घोगरा होता. शेवटी घशाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, आरसा घातला, मला "ई" म्हणायला लावलं आणि हात धुतले.

"काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"आवाज बसलाय ना पण."

"बसलेला नाही. पिकलाय. केस पिकतात तसाच. पन्नाशीच्या माणसाचा घसा आहे, अगदी उत्तम आहे."

"मी एकोणपन्नासचा आहे."

"मग थोडा लवकर पिकलाय," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटची चिठ्ठी उचलली.

आजार नाही हे ऐकून आनंद न झालेला मी त्या दवाखान्यातला पहिलाच माणूस असेन. आजार असता तर औषध असतं. मी जिना उतरलो आणि फुटपाथवर उभा राहून मनातल्या मनात एक, दोन, तीन म्हणून बघितलं. मनातला आवाज अजून सव्वीस वर्षांचाच होता. इतकी वर्षं मी तोच ऐकत आलो होतो आणि बाहेरच्यांनाही तोच ऐकू येत असेल, असं समजत होतो.

इथे मी थांबलो असतो तर निदान सेवापुस्तक स्वच्छ राहिलं असतं. पण मी साहेबांना मुदत वाढवण्याचा अर्ज दिला. अर्ज म्हटला की तो आस्थापना विभागाकडे जाणार, आणि आस्थापनेच्या बाईंकडे गेलेला कागद कधी एकटा परत येत नाही. त्यांनी तेवीस वर्षांपूर्वीची फाइल काढली. फाइलमध्ये "विभागाच्या आवाजात ध्वनिमुद्रण करण्यात आले" एवढंच लिहिलेलं होतं.

"विभागाच्या आवाजात," बाईंनी मला बोटाने ओळ दाखवली. "तुमचं नाव कुठंय?"

"विभागाला आवाज कसा असेल? तो माझा होता."

"कशावरून?"

"अहो, ऐकून कळत नाही का?"

बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत नंबर फिरवला, एक ते तीन ऐकलं आणि फोन ठेवला. "नाही कळत," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कुजकेपणा नव्हता, हेच वाईट होतं. शासकीय आवाज आपला आहे असा दावा मी विनापुरावा केला होता, त्यामुळे माझ्याकडून लेखी खुलासा मागण्यात आला. सोबत, ज्यांनी आवाज काढून घेतला त्या अधिकाऱ्याचा दाखला जोडा, असंही कळवण्यात आलं.

ते अधिकारी म्हणजे जुने मोठे साहेब. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही कानांनी ठार बहिरे. कानाचं मशीन त्यांच्याकडे आहे, पण बॅटरी वाया जाऊ नये म्हणून ते टेबलाच्या खणात ठेवतात. मला माझ्या आवाजाचा साक्षीदार मिळाला तो असा. मी त्यांच्यासमोर बसून ओरडून ओरडून सगळी हकिकत सांगितली. शेजारच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी उत्तम म्हणून सांगितलेला घसा त्या अर्ध्या तासात खरोखर बसला.

मोठ्या साहेबांनी मात्र दाखला लगेच लिहून दिला. अक्षर अजून मोत्यासारखं होतं. सही करताना ते आठवून हसले.

"खरं तर तुला बोलवायचं नव्हतं," ते म्हणाले. "तो टायपिस्ट होता ना, उंच, तो वाचणार होता. छान वाचायचा. नेमका त्या दिवशी रजेवर. तुझं टेबल केबिनच्या दाराजवळ होतं, म्हणून म्हटलं, चल, तू वाच."

माझा आवाज भारदस्त आहे, हे मला मोठ्या साहेबांनी सांगितलेलं नव्हतं. ते माझं मीच ठरवलं होतं, त्या दिवशी केबिनमधून बाहेर आल्यावर. त्यावर मी तेवीस वर्षं काढली. परतीच्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली, पण मान डावीकडे वळत नसल्याने मी सबंध रस्ताभर समोरच्या माणसाचं टक्कल बघत आलो.

दाखल्यामुळे प्रकरण मिटेल अशी माझी समजूत होती. उलट दाखला आणि फाइल यांत तफावत आहे म्हणून समिती नेमली गेली. साहेब, आस्थापनेच्या बाई आणि भांडारपाल. भांडारपाल खरं तर पंख्याची तक्रार घेऊन आले होते, पण तिसरा माणूस लागतो म्हणून त्यांना बसवून घेतलं. चेहरा बघून मत बनू नये म्हणून मला फायलींच्या कपाटामागे उभं करण्यात आलं. आधी जुनं रेकॉर्डिंग लावायचं, मग मी बोलायचं. रेकॉर्डिंगवालीने खूण केली की मी कपाटामागून "चार" म्हणायचो.

"पुन्हा," साहेब म्हणायचे.

"चार."

"थोडं सहज म्हणा."

माणूस कपाटामागे उभा राहून सहज चार म्हणू शकत नाही. मी सात वेळा म्हणालो. सातव्या वेळी धुळीने ठसका लागला आणि भांडारपाल म्हणाले, "हा नक्की वेगळा माणूस आहे." अहवालात जे लिहिलं ते मला पाठ आहे. "दोन्ही आवाज एकाच व्यक्तीचे असल्याचे दिसून येत नाही. जुना आवाज तरुण व्यक्तीचा असून अर्जदार तरुण नाहीत. अर्जदारांच्या 'चार' या उच्चारात आवश्यक तो उत्साह आढळला नाही."

सगळ्या ऑफिसात रेकॉर्डिंगवालीला तेवढी माझी दया आली. म्हणाली, "काका, तुमचं जुनं वाक्य कापून बघते. त्यात 'तक्रार' आहे, 'असल्यास' आहे, 'दाबा' आहे. फक्त 'मीटरविषयी' आणि 'चार' नाही." माझ्या तारुण्यात सगळं होतं, नेमका चार नव्हता. तेवढे दोन शब्द आजचे घेऊन तिने एक वाक्य शिवलं आणि मशीनवर चढवलं.

ते बारा दिवस टिकलं. "मीटरविषयी" म्हातारा म्हणायचा, "तक्रार असल्यास" तरुण म्हणायचा, मग म्हातारा मध्येच "चार" ओरडायचा आणि तरुण आदबीने "दाबा" म्हणायचा. पहिल्या दिवसापासून तक्रारी आल्या. एका ग्राहकाने विचारलं की लाइन क्रॉस झाली आहे का. एका बाईंनी सांगितलं की तुमच्याकडे कोणीतरी वडीलधारं माणूस मुलाला नीट बोलू देत नाही, त्यांना समज द्या. या तक्रारी माझ्याच विभागात नोंदल्या जात होत्या. हेडमास्तर मला जिन्यात भेटून म्हणाले, "परवा तुमच्या ऑफिसला फोन लावला होता. तो नवीन म्हातारा कोण घेतलाय? पेन्शन पुरत नसेल बिचाऱ्याला." मी म्हणालो, चौकशी करतो.

तेराव्या दिवशी साहेबांनी आदेश काढला. एक तारखेपासून संपूर्ण आवाज मशीनचा, तोवर चारशिवाय जुनंच रेकॉर्डिंग. मला वाटलं होतं मी चिडेन, काहीतरी बोलेन. मी "बरं" म्हणालो.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. नव्या मशीनला एक सवय होती, जी जुन्याला नव्हती. कोणत्या नंबरवरून किती वेळा फोन आला, याची ते यादी काढायचं. साहेबांच्या लक्षात आलं की काही लोक फोन लावतात, कुठलाच आकडा दाबत नाहीत आणि नुसती लाइन अडवून बसतात. अशा लोकांना समज देणारी नोटीस पाठवा, म्हणून महिन्याच्या शेवटी त्यांनी यादी माझ्या टेबलावर ठेवली. पहिल्याच ओळीत जो नंबर होता, तो मी इतक्या वेळा लिहिलाय की वाचायच्या आधी ओळखला. तो आमच्या घरचा होता.

बावीस दिवसांत एकोणीस फोन. सगळे दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान. प्रत्येक साधारण चार मिनिटांचा. माझं वाक्य अर्ध्या मिनिटाचं आहे आणि ते संपलं की पुन्हा सुरू होतं. म्हणजे प्रत्येक वेळी आठदा.

मुलगी त्या वेळी कॉलेजात असते. मी यादी घडी करून खिशात घातली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. समितीला ओळखू आला नाही, मोठ्या साहेबांना ऐकू आला नाही, पण माझा आवाज रोज दुपारी आठ आठ वेळा ऐकणारं घरातच कोणीतरी होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालो. वाटेत दुकानाच्या काचेत स्वतःला बघितलं आणि पोट आत घेतलं.

बायको इस्त्री करत होती. स्वयंपाकघरात पातेल्यात थेंब पडत होते.

"तू दुपारी ऑफिसच्या नंबरला फोन करतेस?" मी विचारलं. हसू दाबून विचारलं.

"करते," ती म्हणाली. इस्त्री थांबली नाही.

"माझा आवाज ऐकायला?"

"तुमचा आवाज घरात आहे की. रोजच ऐकते."

"मग?"

तिने शर्टाची बाही उलटी केली. "पहिल्यांदा केला तो नळासाठी. तुम्ही मला तो नियम सांगितलात ना, मीटरच्या आतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, नवरा ऐकत नाही तर खातं तरी ऐकेल. तर तिथेही तुम्हीच. ठेवणारच होते फोन. पण तो म्हणाला, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मग म्हणाला, कृपया थांबा. थांबले."

"सहा वर्षं?"

"दुसरं कोणी म्हणत नव्हतं."

"अगं पण तो मीच ना," मी म्हणालो.

"नाही हो. मी ओळखते त्याला." बाही झाली, तिने कॉलर घेतली. "लग्न त्याच्याशीच झालं होतं माझं. दोन-तीन वर्षं होता घरात. संध्याकाळी आला की विचारायचा, आज काय झालं. सगळं ऐकायचा. मग हळूहळू यायचा बंद झाला. मला वाटलं, ऑफिसातच राहिला असेल. फोन लावून बघितलं तर खरंच तिथे होता."

मला समितीपुढे कपाटामागे उभं राहिल्यावर जसं वाटलं होतं तसं वाटलं, फक्त इथे कपाट नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं. एवढं सुचलं, "सांग ना मग. काय तक्रार आहे ते आता सांग."

"कुठली? नळाची?"

"सगळ्याच."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. "आता नको," ती म्हणाली. "इस्त्री तापलीय." आणि थोड्या वेळाने, शर्ट हँगरला लावताना तिने विचारलं, "एक तारखेपासून तो बंद होणार ना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. अगदी माझ्यासारखंच म्हणाली.

नोटीस मी पाठवली नाही. यादीतली पहिली ओळ खोडली आणि शेजारी "चौकशी केली" असं लिहिलं. एक तारखेला सकाळी नऊ वाजता रेकॉर्डिंगवालीने बटण दाबलं आणि एका गुळगुळीत बाईने पाणीपुरवठा विभागात लोकांचं स्वागत केलं. एक, दोन, तीन, चार, सगळं तिने सारख्याच उत्साहाने सांगितलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. जुनं रेकॉर्डिंग हवं असेल तर मोबाइलवर पाठवते, असं रेकॉर्डिंगवाली मला म्हणाली. मी नको म्हणालो. त्याला घरी नेऊन मी त्याची गाठ कोणाशी घालून देणार होतो?

संध्याकाळी घरी जाताना हार्डवेअरच्या दुकानात शिरलो आणि नळाचा वायसर मागितला. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या साइजचा?" तेवीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात आहे, पण मला आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाची साइज माहीत नव्हती. मी तिन्ही साइजचे घेतले. जिना चढताना मी मनात वाक्य जुळवत होतो. आधी वायसर बसवायचा, मग हात पुसून तिच्या समोर बसायचं आणि विचारायचं, आज काय झालं. वाक्य छोटं होतं. तरीही मी ते तीन-चारदा म्हणून बघितलं.

घरात शिरलो तेव्हा काहीतरी वेगळं वाटलं आणि काय ते क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, थेंबांचा आवाज नव्हता. स्वयंपाकघरात गेलो. नळ नवा होता, चकचकीत. मी तो उघडला, बंद केला. एक थेंब पडला नाही. पातेलं घासून फळीवर पालथं घातलेलं होतं.

"प्लंबरला बोलावलं दुपारी," बायको मागून म्हणाली. "वीस मिनिटांचं काम होतं."

"मला सांगायचंस ना. मी आणलाय बघ वायसर."

"मीटरच्या आतलं ग्राहकानेच बघायचं असतं ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ती फक्त नियम सांगत होती. तो तिला खरोखरच पटलेला होता.

मी तिच्यासमोर बसलो. विचारलंही, आज काय झालं. आवाज घोगरा आला, वडिलांसारखा. "काही नाही," ती म्हणाली, "नळ बसवला," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढच्या महिन्याची यादी परवा आली. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. आमच्या घरचा नंबर कुठेच नाही. पंधरा दिवस तर कधीच उलटून गेलेत, म्हणजे वहीत काय लिहायचं ते ठरलेलं आहे. लिहून झालंय. फक्त सही राहिली आहे.